बंब येईपर्यंत

“हा फणस सामानात जाणार की सोबत?” पडवळसाहेबांनी विचारलं.

तात्या म्हणाले, “सोबत. मांडीवर घेईन.”

“मग तुमच्या वजनात धरावा लागेल. चढा काट्यावर. फणस घेऊन.”

माझे सासरे गंगाराम साळवी, ज्यांना सारा गाव तात्या म्हणायचा, उभा जन्म एसटी चालवून निवृत्त झालेले. त्या सकाळी ते इस्त्रीचा पांढरा सदरा-लेंगा घालून, छातीशी कापा फणस कवटाळून, गुळाची ढेप चढावी तसे वजनकाट्यावर चढले. पडवळसाहेबांनी वाकून आकडा वाचला, ओठ हलवत कसलीशी बेरीज केली आणि मान हलवली. विमान नऊच माणसांचं, त्यात उन्हाळ्यात हवा पातळ होते, तेव्हा फणसाला मागं सामानातच जावं लागेल. तात्यांनी फणस त्यांच्या हाती दिला आणि वर सांगितलं, “देठ वर ठेवा. चीक गळेल.”

कातळवण्याचा विमानतळ म्हणजे गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जांभा दगड कापून केलेली धावपट्टी आणि तिच्या टोकाशी पत्र्याची एक खोली. ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सेवा सुरू होऊन नुकते दोन महिने झाले होते. तिकीट तपासायला पडवळसाहेब, सामान उचलायलाही तेच, आणि धावपट्टीवर गुरं आली की काठी घेऊन धावायलाही तेच. हे सगळं ते गळ्यात टाय बांधून करायचे.

आम्ही बोरमाळला निघालो होतो. बोरमाळ वर देशावर, घाटापलीकडे. तिथं तात्यांची एकुलती एक बहीण, इंदुआत्या, दिलेली होती. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा दोन गोष्टी मला कुणी न सांगताच कळल्या होत्या. एक, आत्याचं नाव घरात काढायचं नाही. दुसरी, घाटाचा विषय काढायचा नाही. बहीणभावांत वीस वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याच सुमारास तात्यांनी त्या घाटात पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती. ज्या रस्त्यावर निम्मी नोकरी केली, तो सोडून त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून किनाऱ्याची गाडी मागून घेतली. का, ते कुणी सांगत नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा जहाजावर. त्याला विचारलं तर म्हणाला, “मी तेव्हा शिकायला बाहेर होतो. आजी गेली त्या दिवसांत काहीतरी झालं, एवढंच माहीत आहे.”

तर आदल्या आठवड्यात आत्यांचा फोन आला. मी उचलला. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. मुलगा न्यूझीलंडला, तो आता कायमचं तिकडं बोलावून घेत होता. गुरुवारी बोरमाळहून याच विमानानं मुंबईला, आणि तिथून रात्री पुढं. “दादाला सांग, मी निघाले,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी तात्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोफळींना पाणी लावता लावता त्यांनी विचारलं, “दीप्ती, इथून बोरमाळ विमानानं किती लांब गो?”

मी मोबाइलवर बघितलं. “सरळ रेषेत नव्वद किलोमीटर. पंचवीस मिनिटं लागतात.”

“आणि घाट?”

“घाट खाली राहतो. विमान वरून जातं.”

“म्हणजे पाय लागत नाही.”

“नाही.”

तात्यांनी पाटाचं तोंड बुजवलं, हात धुतले. “दोन तिकिटं काढ.”

बेत साधा होता. ज्या विमानानं आम्ही जाणार, तेच विमान आत्यांना पुढं मुंबईला नेणार. मधे बोरमाळला ते अर्धा तास थांबे. तेवढ्यात भेट. “पुरे आहे तेवढा वेळ,” तात्या म्हणाले होते. “बोलायचं असं काय साठलंय?”

पडवळसाहेबांनी आमच्या हातात पास दिले तेव्हा मी सहज विचारलं, “म्हणजे दुपारच्या आत पोचू ना बोरमाळला?”

“बोरमाळला?” ते म्हणाले. “संध्याकाळ होईल.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “अहो, पंचवीस मिनिटांचं अंतर आहे.”

“हवेतला वेळ पंचवीस मिनिटंच आहे, मॅडम. बाकीचा जमिनीवरचा. तो आम्ही धरत नाही.”

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि इतक्या शांतपणे, की त्यात काही विपरीत आहे असं त्यांना स्वतःलाही वाटत नसावं. नियम असा, की अग्निशमनाचा बंब उभा असल्याशिवाय विमान उडत नाही आणि बंब उभा असल्याशिवाय उतरतही नाही. विमानतळ दोन, बंब एक. दुसरा मंजूर झालेला होता, पण आलेला नव्हता. तोपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून बंब इथून विमान उडवून द्यायचा, आणि मग घाट चढून बोरमाळला जायचा. विमान तोवर मुंबईला जाऊन बसायचं. बंब पोचल्याचा फोन आला, की ते मुंबईहून निघून बोरमाळला उतरायचं.

“म्हणजे बोरमाळला जायला मुंबईला जायचं?” मी म्हटलं.

“जायचं नाही. थांबायचं.”

तात्या इतका वेळ ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, “बोरमाळहून विमान सुटायलाही बंब लागतो?”

“लागणारच.”

“बरं,” तात्या म्हणाले.

एवढ्यात खोलीच्या दाराशी बंबावरचा फायरमन, गोताड नावाचा, जांभई देत येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, सुस्त माणूस. त्यानं टेबलावर एक किल्ली ठेवली. “ड्रायव्हर गेला साहेब. पहाटेच्या एसटीनं. म्हणाला, घाट माझ्याच्यानं होणार नाही, बंब पाणी ओकायच्या आधी मीच ओकतो.”

पडवळसाहेब खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांनी टायची गाठ सैल केली. ड्रायव्हर नाही म्हणजे बंब बोरमाळला जाणार नाही. बंब नाही तर विमान बोरमाळला उतरणार नाही. फेरी रद्द. आणि ही रद्द झाली, तर वरचे लोक सेवाच गुंडाळायला टपलेले. बाहेर विमान उभं होतं, त्याची पाती ऊन खात होती, आणि आत्या बोरमाळला बॅग भरून बसलेल्या असणार.

“जड वाहनाचं लायसन आहे माझ्याकडे,” तात्या म्हणाले. “चालू आहे.”

ते मला ठाऊक होतं. निवृत्तीनंतरही दर खेपेस डॉक्टरचा दाखला जोडून ते लायसन वाढवून घेत. मी विचारलं होतं कशाला, तर म्हणाले होते, असावं.

“पण तुम्ही प्रवासी आहात,” पडवळसाहेब म्हणाले. “तुमचा पास निघालाय.”

“मग?”

“तुम्ही बोरमाळला विमानानं जाणार आहात.”

“मी बंब नेला नाही तर विमान जाणार कसं?”

पडवळसाहेब विचारात पडले. तात्यांना विमानानं बोरमाळला न्यायचं, तर तात्यांनी आधी रस्त्यानं बोरमाळला जायला हवं, आणि तसे गेले तर विमानात त्यांचं काय काम, हा गुंता सोडवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, “फणस चढवून झालाय. तो आता काढता येणार नाही.”

“जाऊ दे त्याला,” तात्या म्हणाले.

विमानानं सड्यावरून धूळ उडवत उड्डाण केलं, तेव्हा तात्या बंबाच्या चालकाच्या जागी बसून त्याला डोळ्यांनी पोचवत होते. आत दोन प्रवासी, वैमानिक आणि फणस. विमान दिसेनासं झालं, तशी तात्यांनी किल्ली फिरवली. त्यांच्या शेजारी मी, माझ्या पलीकडं गोताड. मला राहवलं नाही.

“तात्या, तुमची शपथ?”

“घाटात पाय ठेवणार नाही असं म्हटलं होतं,” समोर बघत ते म्हणाले. “पाय क्लचवर आहे.”

म्हाताऱ्यानं ती अवजड गाडी घाटाला लावली, आणि मी त्यांना नव्यानं पाहिलं. घरात चष्मा शोधणारा, गुडघा धरून उठणारा माणूस हा नव्हे. वळण दिसायच्या आधी त्यांचा हात गिअरवर जायचा. गोताडला मधेच चहा हवा होता, लघवीलाही जायचं होतं. तात्यांनी गाडी थांबवली, गोताडला उतरू दिलं, आपण मात्र खाली उतरले नाहीत. एका रुंद वळणावर त्यांनी गाडी अगदी सावकाश घेतली आणि खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, इंजिन तापलं असेल.

घाट जवळजवळ सरला होता. माथ्याच्या अलीकडं एक लहानशी वाडी आहे, तिच्या वरच्या अंगाला डोंगराचं वाळकं गवत पेटलं होतं. उन्हाळ्यात असे वणवे लागतात, त्यात नवल नाही. पण वारा होता, आणि आग सरसर खाली एका एकट्या घराकडं येत होती. घरामागं गवताची उडवी, तिला लागून गोठा. तीन-चार माणसं हिरव्या फांद्यांनी धोपटत होती. त्यांनी वर बघितलं, रस्त्यावर लालभडक बंब उभा. एक म्हातारा दोन्ही हात उंचावून नाचायलाच लागला. “आला, आला. अजून फोनसुद्धा केला नाही, तोवर आला.”

नेमका माझा मोबाइल वाजला. पडवळसाहेब.

“कुठंपर्यंत?”

“माथ्याजवळ आहोत. इथं आग लागलीय.”

“बंबाला?”

“नाही, नाही. इथं एका घराला लागेल अशी.”

“मग बंब कशाला थांबवलात?” ते म्हणाले.

पलीकडून ते सांगत राहिले, की हा विमानतळाचा बंब आहे, त्यातलं पाणी विमानाच्या आगीसाठी आहे, ते वापरलं तर बंब पोचूनही न पोचल्यासारखा. बोरमाळला पाणी कुठलं, तिथं माणसांना टँकर आहे. मी फोन कानापासून लांब धरला. तात्यांना सगळं ऐकू जात होतं.

“तात्या,” मी म्हटलं, “आत्यांचं रात्रीचं विमान आहे.”

“माहीत आहे.”

त्यांचे दोन्ही हात चाकावर होते. गोताड माझ्यावरून वाकून त्यांच्या तोंडाकडं बघत होता. “साहेबाचं म्हणणं बरोबर आहे तसं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण नोकरी लागल्यापासून मी रोज पाइप उलगडतो नि गुंडाळतो. आग ही पहिलीच.”

तात्यांनी दार उघडलं आणि खाली उतरले. आधी एक पाय, मग दुसरा. लेंगा वर खोचला आणि गोताडला म्हणाले, “चल, उलगड.”

गोताड एवढा चपळ असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. त्यानं आणि तात्यांनी पाइप घराच्या वरच्या अंगाला ओढून नेला. मी पंपाच्या दांड्याशी उभी, तात्या सांगतील तसं सोडायचं नि बंद करायचं. गोठ्यात दोन म्हशी हंबरत होत्या. घरातली म्हातारी त्यांच्या दाव्यांशी झटत होती, गाठी सुटत नव्हत्या. शेवटी तात्यांनी आत जाऊन विळ्यानं दावी कापली. उडवी गेली. गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं. घर राहिलं. पाणी संपलं तेव्हा गवत नुसतं धुमसत होतं आणि उरलेलं माणसांनी फांद्यांनी विझवलं.

तात्या रस्त्याकडेच्या दगडावर येऊन बसले. तोंड काळं झालं होतं, सदऱ्याचा रंग ओळखू येत नव्हता. म्हातारीनं तांब्याभर ताक आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर, मी काही न विचारताच, ते बोलू लागले.

“खालचं ते रुंद वळण बघितलंस? तिथं गाडी फिरवली होती मी.”

वीस वर्षांपूर्वी कातळवण्याला त्यांची आई अत्यवस्थ झाली, तेव्हा आत्यांना बोरमाळला निरोप गेला. त्या मिळेल त्या गाडीनं निघाल्या. ती गाडी तात्यांचीच होती. आत्या त्यांच्या मागच्याच बाकावर बसल्या. घाट उतरताना पुढं एक टेम्पो उलटलेला, ऊसतोडीची माणसं, बाया, पोरं रस्त्यावर पडलेली. खाली कोकणात जवळपास दवाखाना नव्हता. वर होता, मागं. तात्यांनी सगळ्यांना एसटीत घातलं आणि गाडी उलटी फिरवली.

“इंदुबाय मागून दांडा धरून ओरडत होती. दादा, गाडी फिरवू नको. दादा, आई थांबायची नाही. मी मागं वळून बघितलंच नाही. बघितलं असतं तर फिरवता आली नसती.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तर आईला नेऊन झालं होतं. दुसऱ्या गाडीनं आधी पोचलेल्या बायलाही ती भेटली नव्हती. बाय दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, परकी माणसं तुला आईपेक्षा जवळची.”

“म्हणून तुम्ही रागानं शपथ घेतलीत?”

“रागानं नाही गो,” तात्या म्हणाले. “पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून घाटच सोडला.” त्यांनी जळलेल्या उडवीकडं बघितलं. “तरी केलंच.”

बोरमाळच्या विमानतळावरही पत्र्याची तशीच खोली होती, फक्त शेजारी एक लिंबाचं झाड. झाडाखाली दोन मोठ्या बॅगा, आणि एका बॅगेवर बसलेल्या इंदुआत्या. फोटोत पाहिल्या होत्या त्यापेक्षा वाळलेल्या, उन्हानं रापलेल्या. बंब फाटकातून आत आला तशा त्या उठून तरातरा पुढं आल्या.

“कवाची बसलीय मी. कुठं मेला हुता रं बंब?”

तात्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आत्यांना ते काजळलेलं तोंड ओळखायला थोडा वेळ लागला.

“दादा?”

“हो.”

“तू बंबावर कवापास्नं?”

“आज सकाळपासून.”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, गोताडकडं बघितलं, पुन्हा भावाकडं. इतक्यात तिथला रखवालदार आला. त्यानं बंबाच्या टाकीवर काठीनं ठोकलं. टाकी घागरीसारखी वाजली.

“रिकामी?” तो म्हणाला. “मग इमान उतरायचं कसं? हितं पाणी न्हाई. टँकर उद्या.”

वर आभाळ कोरडं ठणठणीत होतं. आत्यांनी पदर खोचला. “माझ्या हिरीत हाय. शेत वाट्यानं दिलंय, हीर न्हाई दिली. चला.” आणि कुणाच्या मदतीची वाट न बघता त्या बंबात चढल्या. गोताडला मागं शिडीवर लटकावं लागलं. तात्या आणि आत्या यांच्या मधे मी.

वीस वर्षांचं मौन माझ्या दोन्ही बाजूंना बसलं होतं, आणि मधूनमधून “डावीकडं”, “आता सरळ”, “बांधावरनं नगं, कलंडंल” एवढंच बोलत होतं. मग आत्या म्हणाल्या, “मला पोचवायला आलास का अडवायला?”

“पोचवायला.”

“मग पाणी कुठं सांडलंस?”

“घाटात आग लागली होती. एक घर होतं.”

“कुणाचं?”

“नाव विचारलं नाही.”

आत्यांनी नाकानं श्वास सोडला. “तू कधीच इचारत न्हाईस,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

विहिरीला पाणी होतं, पण मोटारीला वीज नव्हती. ती आमच्या वाईटावर असल्यासारखी ऊन कलल्यावर आली. टाकी भरायला आणखी वेळ गेला. आत्या मोटारीच्या खोपीत उभ्या राहून पेटीच्या दिव्याकडं बघत होत्या, जणू त्यांच्या नजरेनंच तो पेटता राहणार होता. भरलेला बंब घेऊन आम्ही परतलो, तेव्हा रखवालदारानं मुंबईला फोन लावला.

सूर्य टेकता टेकता विमान उतरलं. बंब शेजारी उभा, गोताड हातात पाइप धरून सावधान. दार उघडलं आणि वैमानिक एकटाच खाली आला. त्याच्या हातात फणस होता. दोन्ही प्रवासी मुंबईतच कंटाळून आपापल्या वाटेनं गेले होते. म्हणजे आख्खं विमान, बंब, विहीर आणि आम्ही चार माणसं सकाळपासून राबलो होतो, ते एका फणसाला बोरमाळला आणण्यासाठी. वैमानिकानं तो अदबीनं तात्यांच्या स्वाधीन केला. देठ वर होता.

“चला आता,” आत्यांनी बॅग उचलली.

“आता नाही जमणार, मावशी,” वैमानिक म्हणाला. “इथं धावपट्टीला दिवे नाहीत. अंधारात उडता येत नाही. सकाळी.”

माझा मोबाइल वाजला. पडवळसाहेबांचा आवाज आनंदानं फुलला होता. विमान उतरलं, म्हणजे फेरी रद्द धरली जाणार नाही. तात्यांना त्यांच्याकडून धन्यवाद सांगायचे होते. मी सांगितले. तात्यांनी ऐकले की नाही, कुणास ठाऊक.

आत्या पुन्हा बॅगेवर बसल्या होत्या. तात्या त्यांच्यासमोर उभे.

“पुन्यांदा तेच केलंस,” आत्या म्हणाल्या.

“हो.”

“त्या टायमाला निदान मान खाली घातली हुतीस.”

“तेव्हा मला वाटायचं, माझं चुकलं.”

“आन् आज?”

“आज नाही वाटत,” तात्या म्हणाले.

मला वाटलं, आता संपलं. आता ही बाई उठून चालू लागेल आणि आम्ही रिकाम्या हातांनी घरी जाऊ. आत्या बराच वेळ भावाच्या पायांकडं बघत होत्या. लेंगा गुडघ्यापर्यंत राखेनं भरला होता, एका पोटरीवर फोड आला होता. मग त्यांनी त्या फणसाकडं बोट केलं.

“कापा का बरका?”

“कापा.”

“त्याल लागंल हाताला,” त्या म्हणाल्या, आणि बॅग उघडून न्यूझीलंडसाठी बांधलेली खोबरेल तेलाची बाटली शोधू लागल्या.

फणस आत्यांच्या ओसरीवर फोडला. वैमानिक, गोताड, रखवालदार, आम्ही, सगळ्यांनी खाल्ला. मुलाला फोन करून आत्यांनी सांगितलं, “इमान चुकलं. मामा आलाय.” पुढचं तिकीट पंधरवड्यानंतरचं मिळालं.

त्या पुढं न्यूझीलंडला गेल्या, तिथंच रमल्या, तिथंच वारल्या. तात्यांनाही जाऊन आता चार वर्षं झाली. ती विमानसेवा त्याच पावसाळ्यात बंद पडली. बंद पडल्यावर महिन्याभरानं दुसरा बंब आला, असं गोताड सांगत होता.

पण तो पंधरवडा आत्यांनी माहेरी काढला. दुसऱ्या दिवशी विमान रिकामं जाणार होतं, वैमानिक आग्रह करत होता, तरी आत्या म्हणाल्या, “नगं बाबा, मला पोचायचं हाय.” बंब गोताडच्या हवाली करून आम्ही एसटीनं निघालो. आत्या खिडकीशी, शेजारी तात्या, मागच्या बाकावर मी. तात्यांना दुसऱ्याच्या हातची गाडी सोसत नव्हती, दर वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

माथा ओलांडला. जळकी उडवी मागं गेली, म्हातारी आवारात छपराचे वासे निवडत होती. थोडं खाली आल्यावर तात्यांनी खिडकीबाहेर हात केला.

“इथं.”

आत्या बघत राहिल्या. गाडी सावकाश वळण घेत होती. कडेला करवंदीची जाळी, एक पांढरा दगड, बाकी काही नाही.

“दादा,” त्या म्हणाल्या, “ती माणसं वाचली का रं?”

“एक बाई गेली. बाकीची सगळी वाचली.”

“पोरं?”

“पोरं वाचली.”

“मला कधी सांगितलं न्हाईस.”

“तू विचारलं नाहीस.”

आत्यांनी मान मागं वळवली. वळण कड्याआड जाईपर्यंत त्या बघत होत्या. मग समोर वळून पदर सारखा केला.

“एवढुसंच हाय व्हय ते,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, लई मोठं वळण असंल.”